२४ मार्चचं जास्तीचं उड्डाण

२१ नोव्हेंबर १९६०. सकाळी ९ वाजता फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हरालवर मर्क्युरी-रेडस्टोन रॉकेटचं इंजिन पेटलं. मर्क्युरी ही अमेरिकेची माणसाला अंतराळात पाठवायची पहिली मोहीम, रेडस्टोन हे तिचं रॉकेट. कुपीसकट ८३ फूट उंचीचं ते धूड. कुपीत माणूस नव्हता, पण ती माणसासाठीच बांधलेली होती आणि रेडस्टोनवर बसून जायची तिची ही पहिलीच वेळ. ज्वाळा दिसल्या, धुराचा लोट उठला आणि त्यातून काहीतरी सणसणत वर गेलं. बघणाऱ्यांच्या नजरा त्याच्यामागे आकाशात. धूर ओसरला तेव्हा रॉकेट होतं तिथेच उभं होतं. वर गेला होता तो एकटा एस्केप टॉवर, म्हणजे अपघात झालाच तर कुपीला रॉकेटपासून ओढून दूर नेणारा टोकावरचा मनोरा.

रॉकेट जेमतेम चार इंच उचललं गेलं, इंजिन बंद पडलं आणि ते न कलंडता परत आपल्या पंखांवर येऊन बसलं. तीनेक सेकंदांनी कुपीच्या डोक्यातून छोटं पॅराशूट बाहेर पडलं. त्याच्यामागून मोठं. त्याच्याही मागून राखीव. आणि ही सगळी लक्तरं रॉकेटच्या अंगावर लोंबत राहिली.

'चार इंची उड्डाण' असं नाव या प्रसंगाला पडलं आणि लोक ते हसत हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखं कधी काही दिसलं नाही. अल्कोहोल आणि द्रवरूप ऑक्सिजनने भरलेलं रॉकेट नुसतं टेकून उभं होतं, त्याला बांधून ठेवणारं काहीही नव्हतं. जमिनीवरून आदेश पाठवायच्या तारा सुटून पडलेल्या. कुपीतली स्फोटकं जिवंत. वाऱ्याची एक झुळूक त्या पॅराशूटमध्ये भरली असती तर सगळं आडवं झालं असतं. टाकीचा दाब उतरवायला लांबून बंदुकीने भोक पाडावं, इथपर्यंत सूचना आल्या. शेवटी ठरलं की कोणीही जवळ जायचं नाही, कशालाही हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बॅटऱ्या उतरल्या, ऑक्सिजन उकळून उडून गेला, आणि मगच माणसं रॉकेटपाशी गेली.

कारण सापडलं ते शेपटीजवळच्या दोन प्लगमध्ये. माझं नोकरीतलं बहुतेक आयुष्य कंट्रोल पॅनेलसमोर गेलं, त्यामुळे हा भाग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा खुर्चीत सरसावून बसलो होतो. आपल्या घरातल्या थ्री-पिन प्लगकडे नीट बघा. अर्थची पिन बाकी दोन पिनांपेक्षा लांब असते, म्हणजे प्लग लावताना अर्थ आधी लागतो आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटतो. रेडस्टोनमध्येही हाच क्रम ठरलेला होता. रॉकेट उचललं की आधी नियंत्रणाच्या तारांचा प्लग सुटायचा आणि मग विजेचा, ज्याच्यात अर्थिंग होतं. पण त्या दिवशी नियंत्रणाची केबल लष्करी रेडस्टोनच्या मापाची, म्हणजे लांब होती. ती क्लॅम्प लावून आखूड केली होती, आणि क्लॅम्पने ऐनवेळी दगा दिला. विजेचा प्लग आधी सुटला, नियंत्रणाचा त्यानंतर २९ मिलिसेकंदांनी. तेवढ्या वेळात रॉकेटला अर्थ नव्हता. परतीची वाट बंद झालेला प्रवाह एका रिलेमधून, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचमधून गेला, आणि तो रिले होता प्रवास संपल्यावर इंजिन बंद करणारा.

यापुढे जे झालं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत विलक्षण वाटतं, कारण त्यात एकाही यंत्रणेचं काही चुकलं नाही. इंजिन नेहमीसारखं काम संपवून थांबलं असा निरोप कुपीला मिळाला. आता एस्केप टॉवरची गरज नाही, म्हणून तिने तो सोडून दिला. नंतर कुपीने रॉकेटपासून वेगळं व्हायचं, पण भार नाहीसा झाल्याशिवाय व्हायचं नाही, असा इंटरलॉक होता. जमिनीवर उभ्या रॉकेटमध्ये गुरुत्वाकर्षणाचा भार होताच, म्हणून कुपी सुटली नाही. उंची १०,००० फुटांच्या खाली असेल तर पॅराशूट उघडायचं. उंची शून्य होती, उघडलं. मोठ्या पॅराशूटवर वजन येत नाही म्हणजे ते फाटलं असणार, तेव्हा राखीव सोडा. सोडलं. प्रत्येक सर्किटने त्याला शिकवलेलं तंतोतंत केलं. पॅनेलवर काम केलेला कोणीही सांगेल, वाईट फॉल्ट तो हाच. कुठलाही भाग जळलेला नसतो, तपासायला जावं तर प्रत्येक सर्किट ओके.

दुरुस्ती साधी होती. रॉकेट आणि पॅड यांच्यामध्ये अर्थिंगची एक पट्टी, सुमारे फूटभर लांब, जी सगळ्यात शेवटी सुटेल. आणि पहिली साधारण १३० सेकंदं इंजिन बंद झाल्याचा नेहमीचा निरोप कुपीपर्यंत पोचूच द्यायचा नाही.

रेडस्टोन तसं नवखं नव्हतं. लष्करासाठी बनवलेलं हे क्षेपणास्त्र १९५३ पासून उडत होतं आणि त्याची ख्याती भरवशाचं म्हणूनच होती. पण क्षेपणास्त्राचा भरवसा आणि माणसाला बसवण्याइतका भरवसा यांत फार अंतर आहे. क्षेपणास्त्र बिघडलं तर दुसरं डागता येतं. अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या चमूने या रॉकेटमध्ये शेकड्यांनी फेरफार केले, काही ठिकाणी ८०० चा आकडा वाचायला मिळतो. टाक्या लांबवल्या, त्यामुळे इंजिन वीसेक सेकंदं जास्त चालू लागलं. जास्त ताकदीचं पण विषारी इंधन उपलब्ध होतं. ते सोडून पुन्हा अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणावर आले, कारण आता वर माणूस बसणार होता. दिशा सांभाळणारी यंत्रणा मुद्दाम जुनी आणि सोपी निवडली. सगळ्यात महत्त्वाचं, अपघाताची चाहूल स्वतःच ओळखून कुपीला सोडवणारी यंत्रणा नव्याने बसवली.

याच चमूबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. रेडस्टोन हे व्ही-२ चं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने डागलेल्या क्षेपणास्त्राचं, थेट वंशज. दोन्हींमागे चमूचे प्रमुख तेच वेर्नर फॉन ब्राउन, त्यांचेच जर्मन सहकारी. आणि व्ही-२ ज्या डोंगराखालच्या बोगद्यांत जोडली गेली, त्या मिटेलबाऊ-डोराच्या छळछावणीत सुमारे ६०,००० कैद्यांना राबवलं गेलं आणि त्यातले साधारण २०,००० मेले. एका अंतराळवीराच्या जिवासाठी एकेक व्हॉल्व्ह तपासणारी माणसं आणि त्या बोगद्यांतून बाहेर पडलेलं अस्त्र बनवणारी माणसं वेगळी नव्हती. हंट्सव्हिलच्या काळजीचं कौतुक करताना हे माझ्या मनातून कधी जात नाही, आणि जाऊही नये.

मर्क्युरी-रेडस्टोनचं काम हंट्सव्हिलमध्ये योआखिम क्युटनर बघत. हे गृहस्थ मुळात हवामानशास्त्रज्ञ आणि ग्लायडर उडवणारे. डोंगराच्या आडोशाला हवेच्या लाटा कशा उठतात हे त्यांनी १९३० च्या दशकात स्वतः ग्लायडरमध्ये बसून अभ्यासलं होतं. विमानात बसणाऱ्याला काय वाटतं हे ज्याला अंगाने माहीत आहे असा माणूस या जागी होता, याचं मला समाधान वाटतं.

१९ डिसेंबर १९६० ला दुसरा प्रयत्न झाला आणि तो सुखरूप पार पडला. रॉकेट २१० किलोमीटर उंच गेलं, कुपी समुद्रातून उचलून आणली. वेग थोडा जास्त भरला, थरथर जाणवली, पण एकूण आनंदीआनंद होता.

पुढचं उड्डाण ३१ जानेवारी १९६१ चं. या वेळी कुपीत हॅम होता. कॅमेरूनमध्ये जन्मलेला, साडेतीन वर्षांच्या आसपासचा चिंपांझी. दिवा लागला की दांडा ओढायचा, बरोबर केलं तर केळ्याची गोळी, चुकलं तर तळपायाला विजेचा हलका झटका, असं त्याचं शिक्षण. उड्डाणात इंजिनाचा जोर ठरावीक ठेवणारा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा राहिला. इंजिन हवं त्यापेक्षा जोरात चाललं आणि ऑक्सिजन वेळेआधी संपला. दाब पडला. अपघात ओळखणाऱ्या यंत्रणेने एस्केप टॉवर पेटवला आणि आधीच जास्त वेगात असलेल्या कुपीला आणखी एक धक्का बसला. १८५ किलोमीटरऐवजी हॅम २५३ किलोमीटर उंच गेला. खाली येताना त्याच्या अंगावर त्याच्या वजनाच्या १४.७ पट भार आला. ठरलेल्या जागेपासून दोनशेहून जास्त किलोमीटर पुढे कुपी समुद्रात पडली, तिच्यात पाणी शिरायला लागलं, आणि हेलिकॉप्टर पोचलं तेव्हा ती बुडायच्या बेतात होती.

हॅम वाचला. नाकाला खरचटलं होतं, इतकंच. जहाजावर त्याने सफरचंद खाल्लं, अर्धं संत्रं खाल्लं. एवढं सगळं सोसताना त्याने दांडे ओढायचं काम जवळपास नेहमीच्याच वेगाने केलं होतं. त्याचा दात दाखवणारा फोटो जगभर छापला गेला आणि लोकांना वाटलं तो हसतोय. चिंपांझी तसे दात दाखवतात ते भीतीने. पुढे त्याला पुन्हा कुपीजवळ नेलं तेव्हा तिच्याशी काही संबंध ठेवायची त्याची अजिबात तयारी नव्हती, हे नासाच्या स्वतःच्या इतिहासात नोंदलेलं आहे.

आता प्रश्न होता पुढच्या उड्डाणाचा. माणूस म्हणून पहिल्यांदा उडायचा मान अंतराळवीर ॲलन शेपर्ड यांना मिळणार हे जानेवारीतच ठरलं होतं. हॅम जिवंत परतला होता. शेपर्ड तयार होते, अगदी आतुर होते. बिघाडाचं कारण कळलं होतं आणि त्यावर उपायही सुचले होते. एका बाजूचं म्हणणं, आता आणखी किती थांबायचं? दुसऱ्या बाजूला केपवर उड्डाणांची जबाबदारी सांभाळणारे कुर्ट डेबुस होते, क्युटनर होते, फॉन ब्राउन होते. त्यांचं म्हणणं, उपाय कागदावर आहेत, ते उडवून बघितलेले नाहीत. फॉन ब्राउन अडून बसले आणि वेळापत्रकात एक जास्तीचं उड्डाण घुसलं. त्याला नाव दिलं 'बूस्टर डेव्हलपमेंट'. म्हणजे कुपीचा काही संबंध नाही, फक्त रॉकेट तपासायचं.

ही वेळ मी माझ्या छोट्या जगात पाहिलेली आहे. पॅनेल तयार असतं, ट्रक दारात लागलेला असतो, साहेबांचा फोन तिसऱ्यांदा येऊन गेलेला असतो, आणि कोणीतरी म्हणतं की शेवटचा बदल केल्यावर फुल लोडवर ट्रायल झालेली नाही. त्या क्षणी ते वाक्य बोलणारा माणूस सगळ्यांना नकोसा होतो. माझ्या पॅनेलवर फार तर एखादा पंप चालायचा. तरी ते वाक्य तोंडातून काढायला किती जड जातं हे मला माहीत आहे. इथे अख्खं राष्ट्र ट्रकजवळ उभं होतं.

२४ मार्च १९६१ ला ते रॉकेट उडालं. वर कामचलाऊ कुपी, आधीच्या एका चाचणीत वापरून झालेली. रॉकेटच्या पुढच्या भागाला आतून शिसं मिसळलेल्या प्लॅस्टिकचा थर दिला होता, थरथर दाबण्यासाठी. उंची १८२ किलोमीटर, पल्ला ४९४ किलोमीटर, सगळं जवळजवळ आखल्याप्रमाणे. कुपी रॉकेटपासून सोडवायचीच नव्हती. दोन्ही मिळून अटलांटिकच्या तळाशी गेली. त्या दिवशी शेपर्ड आत असते तर तेही सुखरूप परत आले असते.

एकोणीस दिवसांनी, १२ एप्रिलला, सोव्हिएत संघाचे युरी गागारिन पृथ्वीला फेरी मारून परत आले.

तेव्हापासून २४ मार्चच्या उड्डाणाकडे हातची गेलेली संधी म्हणून पाहिलं जातं. शेपर्ड यांनाही ते शेवटपर्यंत लागून राहिलं, आणि त्यांच्या जागी कोणालाही लागलं असतं. पण हे दुःख ज्या हिशोबावर उभं आहे तो मला पटत नाही. चाचणी यशस्वी झाली म्हणून ती नको होती, असा तो हिशोब. २३ मार्चच्या रात्री कोणाच्या हातात काय होतं? दोन उड्डाणं झालेली, दोन्हींत वेग जास्त, दोन्हींत थरथर, आणि एकात कुपी बुडता बुडता वाचलेली. नवीन व्हॉल्व्ह, नवे फिल्टर, नवा थर, यातलं एकही एकत्र उडालेलं नाही. एवढ्यावर माणूस बसवणं हा जुगार झाला असता, आणि तो जिंकला असता तरी जुगारच राहिला असता.

शिवाय समोरची बाजू काय करत होती ते बघावं. गागारिनना नेणाऱ्या रॉकेटची कहाणी काही कमी रक्ताची नाही. १ डिसेंबर १९६० ला प्चोल्का आणि मुश्का या कुत्र्या परतीच्या वाटेवर मेल्या. २२ डिसेंबरला, नव्या तिसऱ्या टप्प्याच्या पहिल्याच उड्डाणात, तो टप्पाच बिघडला आणि कुपी सायबेरियाच्या बर्फात जाऊन पडली. आतल्या कुत्र्या कडाक्याच्या थंडीतही जिवंत सापडल्या हे नवल. त्यानंतर सोव्हिएत रॉकेटांचे मुख्य रचनाकार कोरोल्योव्ह यांच्या चमूने काय केलं? इवान इवानोविच नावाचा पुतळा आणि एक कुत्री असं ९ मार्चला पाठवलं. ते नीट आलं तरी पुन्हा तसंच, पुतळा आणि कुत्री, २५ मार्चला पाठवलं. २५ मार्च! हंट्सव्हिलच्या जास्तीच्या उड्डाणाचा दुसराच दिवस. ज्यांनी शर्यत जिंकली त्यांनीही शेवटची तालीम सोडली नव्हती. एकमेकांची कामं न पाहता दोन्हीकडचे इंजिनिअर त्याच आठवड्यात एकाच निर्णयाला आले होते.

आणखी एक गोष्ट बऱ्याचदा निसटते. रेडस्टोन माणसाला कक्षेत नेऊच शकत नव्हतं. सेकंदाला सव्वादोन-अडीच किलोमीटर हा त्याचा वेग, तर कक्षेत राहायला जवळपास ७.८ किलोमीटर लागतो. ऊर्जेच्या भाषेत किलोमागे अकरा-बारा पटींचा फरक. शेपर्ड मार्चमध्ये गेले असते तर 'अंतराळात पहिला' ही ओळ त्यांच्या नावावर लागली असती, आणि तीनच आठवड्यांत गागारिनच्या १०८ मिनिटांनी त्या १५ मिनिटांना झाकून टाकलं असतं.

२१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून गगनयानच्या एस्केप यंत्रणेची पहिली चाचणी मी थेट प्रक्षेपणात पाहत होतो. काउंटडाउन ५ सेकंदांवर आलं आणि संगणकाने उड्डाण रोखलं. आमच्या ग्रुपवर लगेच निराशेचे चेहरे उमटायला लागले. मला मात्र आतून बरं वाटलं. ज्या यंत्रणेला 'नाही' म्हणता येतं तिच्यात उद्या आपलं माणूस बसवता येईल. इस्रोच्या लोकांनी दोष शोधून दूर केला आणि त्याच सकाळी १० वाजता रॉकेट उडालं. कुपी बंगालच्या उपसागरात उतरली, नौदलाने ती उचलून आणली.

५ मे १९६१ ला शेपर्ड यांची पाळी आली. पहाटे सव्वापाचला ते 'फ्रीडम ७' मध्ये शिरले आणि पुढे चार तास तिथेच पाठीवर पडून राहिले. ढग आले म्हणून थांबा, विजेचा एक इन्व्हर्टर बदलायचा म्हणून थांबा, मग संगणकाची अडचण. पंधरा मिनिटांच्या प्रवासासाठी लघवीची सोय कोणी केलीच नव्हती. शेवटी त्यांना अंतराळपोशाखातच मोकळं व्हावं लागलं. तुमच्या त्या बारीकसारीक अडचणी उरका आणि पेटवा एकदाचं, असं ते अखेर वैतागून म्हणाले. ९ वाजून ३४ मिनिटांनी रॉकेट उडालं. साधारण दीड मिनिटाला, हवेचा मारा सर्वांत जास्त असताना, त्यांचं डोकं इतकं थरथरत होतं की समोरच्या डायलवरचे काटे दिसेनात. आणि ही थरथर तो शिशाचा थर लावल्यानंतरची. मग हवा विरळ झाली, थरथर थांबली. १८७ किलोमीटर उंची, पाच मिनिटं वजनरहित, परतताना ११ पट भार, आणि अटलांटिकमध्ये आखलेल्या जागेजवळ उतरण. रॉकेटने त्या दिवशी काहीही चुकवलं नाही.

२१ जुलैला गस ग्रिसम गेले. त्यांच्याही वेळी रॉकेट चोख चाललं. दगा दिला तो पाण्यात उतरल्यावर कुपीच्या दाराने. कुपी बुडाली, ग्रिसम बुडता बुडता वाचले, आणि ती कुपी १९९९ मध्ये जवळपास पाच किलोमीटर खोलीवरून वर काढली. उरलेली रेडस्टोनची उड्डाणं रद्द झाली. एकूण सहा वेळा हे रॉकेट पॅडवरून पेटलं, चार इंच धरून.

माझ्या म्हणण्याला छेद देणारी एक गोष्ट आहे, ती लपवून ठेवणं बरं नाही. चंद्रावर माणसं नेण्यासाठी बनवलेलं सॅटर्न ५ रॉकेट त्याआधी माणसाशिवाय फक्त दोनदा उडालं. त्यातलं दुसरं, ४ एप्रिल १९६८ चं, चांगलंच फसलं. रॉकेट उभ्या दिशेत हादरत होतं, दुसऱ्या टप्प्याची दोन इंजिनं बंद पडली, तिसऱ्याचं पुन्हा पेटलंच नाही. दोन इंजिनांपैकी एक तर निरोगी होतं. वायरिंगमध्ये अदलाबदल झाली होती, बंद करायचा आदेश भलत्याच इंजिनाला गेला. हे वाचताना मला २९ मिलिसेकंद आठवतात. तरीही याच फॉन ब्राउन यांच्या चमूने या वेळी जास्तीचं उड्डाण घेतलं नाही. पुढच्याच सॅटर्नवर तीन माणसं बसली आणि १९६८ च्या नाताळात चंद्राला फेऱ्या मारून आली. मग १९६१ चा आग्रह वाया गेला का? मला तसं वाटत नाही. १९६८ मध्ये त्यांनी बिघाड जमिनीवर पुन्हा घडवून दाखवला. इंजिनाची एक लवचिक नळी साध्या हवेत तपासली की तिच्याभोवती गोठलेल्या हवेचा थर जमायचा आणि थरथर दाबून टाकायचा. निर्वात पेटीत थर नव्हता, नळी तुटली. कारण डोळ्यांसमोर तुटलं होतं. १९६१ मध्ये थरथरीची अशी खात्री करून घ्यायला त्यांच्याकडे आकाशाखेरीज दुसरी प्रयोगशाळा नव्हती.

शेपर्ड पुढे कानाच्या आजाराने बरीच वर्षं जमिनीवर अडकले. शस्त्रक्रियेनंतर त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि वयाच्या ४७ व्या वर्षी ते अपोलो १४ चे कमांडर झाले. ३१ जानेवारी १९७१, हॅमच्या उड्डाणाला बरोबर दहा वर्षं. त्या दिवशी केपवर हवा बिघडली आणि काउंटडाउन ४० मिनिटं थांबवलं गेलं. दुपारी ४ वाजून ३ मिनिटांनी ते चंद्राकडे निघाले.